कमांड-लाइन पॅकेज मॅनेजर लिहिताना नेमक्या कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

कमांडधारी

नमस्कार. आमच्या कारखान्यातील तपासणी-यंत्रांवर लिनक्स चालते. त्यांवर आमचीच सॉफ्टवेअरे बसवण्यासाठी व अद्ययावत ठेवण्यासाठी मी गो भाषेत एक छोटा पॅकेज मॅनेजर लिहीत आहे. रचना साधी आहे. प्रत्येक पॅकेज म्हणजे एक टार फाइल (अनेक फायलींचा एकत्र गठ्ठा), आणि तिच्यासोबत नाव, आवृत्ती व डिपेन्डन्सींची, म्हणजे चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची, यादी असलेली माहिती-फाइल. यंत्रावर काय काय बसवलेले आहे याची नोंद एकाच जेसन फाइलमध्ये राहते. यंत्रांना इंटरनेट नाही. रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचा साठा, आमच्याच आतल्या सर्व्हरवर आहे.

युनिट टेस्ट (कोडच्या सुट्या भागांच्या चाचण्या) पुष्कळ लिहिल्या आहेत आणि त्या सगळ्या पास होतात. मात्र त्यांत फाइल-सिस्टिम व नेटवर्क दोन्ही नकली आहेत. प्रत्यक्ष वापरात मात्र दोन प्रकार समोर आले. पहिला असा की पॅकेज अद्ययावत होत असताना वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर, ज्या फायली आधीपासून होत्या त्या ठीक निघाल्या, परंतु नव्या आवृत्तीसोबत प्रथमच आलेल्या काही फायली शून्य बाइटच्या होत्या; आणि नोंदीत मात्र ते पॅकेज पूर्ण बसलेले दिसत होते. दुसरा प्रकार असा की काही पॅकेजे एकत्र मागितली की प्रोग्राम ‘जुळणारा संच सापडत नाही’ असे सांगतो, पण हाताने मांडले तर संच सापडतो, आणि तीच कमांड पुन्हा दिली तर कधी कधी प्रोग्रामलाही तो सापडतो.

अशा प्रोग्रामच्या चाचण्यांची काही रूढ पद्धत आहे का? सध्या सर्व चाचण्या डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातच बनवलेल्या अलग कप्प्यात, चालतात. तेवढे पुरेसे आहे का, हेही कृपया सांगावे.

सह्यवासी

दुसरा प्रकार आधी घेतो, कारण त्याचे निदान तुमच्या वाक्यातच आहे. गोमधील प्रोग्राम एकाच प्रश्नाला दोन वेळा दोन उत्तरे देतो, तेव्हा पहिला संशय मॅपवर, म्हणजे किल्लीवरून मूल्य शोधण्याच्या रचनेवर, घ्यावा. मॅपमधून फिरताना येणारा क्रम गो मुद्दामच अनिश्चित ठेवते. तुमचे फंक्शन प्रत्येक पॅकेजची चालणारी सर्वांत नवी आवृत्ती उचलून पुढे जात असेल आणि अडल्यावर मागे फिरत नसेल, तर उत्तर मिळणे न मिळणे हे कोणते पॅकेज आधी हाताशी आले यावर ठरते. समजा, अ ला क आणि ख दोन्ही लागतात. क ला ग ची कोणतीही आवृत्ती चालते, तर ख ला 2 पेक्षा जुनीच हवी. क आधी आले तर ग ची आवृत्ती 2 निवडली जाते आणि नंतर ख अडते. ख आधी आले तर ग ची आवृत्ती 1 निवडली जाते आणि सगळे सुरळीत पार पडते.

मॅपऐवजी क्रमवार यादी वापरली तर उत्तर स्थिर होईल, पण बरोबर होईलच असे नाही; फार तर चुकीचे उत्तर दर वेळी तेच येईल. मागे फिरून दुसरा पर्याय तपासणे अटळ आहे. आवृत्त्यांच्या अटी व परस्परविरोध असलेल्या पॅकेजांचा जुळणारा संच शोधणे ही एनपी-कम्प्लीट (म्हणजे जिला नेहमी झटपट सोडवणारी रीत ठाऊक नाही अशी) समस्या असल्याचे डेबियन या लिनक्स वितरणाच्या संदर्भात युरोपातील ईडॉस प्रकल्पाने सिद्ध केले होते. त्यामुळे जाणत्यांनी हा भाग हाताने रचण्याऐवजी सॅट सॉल्व्हरच्या, म्हणजे तार्किक अटी एकत्र जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या, तंत्राकडे नेला. ओपनसुसे या वितरणाच्या 11.0 मध्ये, म्हणजे 2008 साली, तो आला आणि त्यातूनच उभी राहिलेली लिबसॉल्व्ह ही लायब्ररी पुढे फेडोरा या वितरणाच्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरनेही वापरली. डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी 2018 मध्ये मांडलेली पबग्रब ही पद्धत मला तुमच्या कामासाठी अधिक सोयीची वाटते, कारण संच जुळला नाही तर का जुळला नाही याची साखळी ती माणसाला कळेल अशी मांडून दाखवते. ‘सापडत नाही’ एवढेच सांगणारा पॅकेज मॅनेजर यंत्रासमोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या काही उपयोगाचा नसतो.

आता चाचणीबद्दल. डिपेन्डन्सी सोडवणारा भाग डिस्क, नेटवर्क व घड्याळ यांपासून पूर्णपणे अलग करा. उपलब्ध पॅकेजे, सध्या बसवलेली पॅकेजे आणि मागणी आत जाईल, आणि काय बसवायचे व काय काढायचे याची योजना बाहेर येईल, इतकेच त्याचे काम असावे. मग अगदी लहान विश्वे यादृच्छिकपणे तयार करा. चार पॅकेजे आणि प्रत्येकी तीन आवृत्त्या घेतल्या, तर ‘बसवलेले नाही’ ही अवस्था धरून एकूण 256 संच होतात. ते सगळेच्या सगळे तपासणारा दुसरा, मुद्दाम ढोबळ सोडवणारा चाचणीपुरता लिहा. तुमच्या सॉल्व्हरने दिलेले उत्तर अटींत बसते का हे स्वतंत्रपणे तपासा, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ढोबळालाही काही सापडत नाही ना, हे पाहा. पॅकेजांचा क्रम पिसून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर तेच यायला हवे, ही तिसरी अट. हाताने लिहिलेल्या उदाहरणांमधून जे निसटते ते या जाळ्यात फार लवकर सापडते, कारण हाताने उदाहरण लिहिताना आपण आपल्याच अल्गोरिदमच्या वळणाने विचार करत असतो.

आवृत्त्यांची तुलना हा भाग लोक एका बैठकीत उरकतात, आणि तोच पुढे छळतो. डेबियनच्या नियमांत 1.0~आरसी1 ही 1.0 च्या आधी येते, 1.10 ही 1.9 च्या नंतर येते, आणि 1:0.9 ही 2.0 पेक्षा मोठी ठरते, कारण विसर्गचिन्हाआधीचा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो. त्याच नियमांनुसार 1.01 आणि 1.1 समान आहेत. आवृत्तीची अक्षरे जशीच्या तशी मॅपची किल्ली म्हणून वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये मग एकाच आवृत्तीच्या दोन नोंदी निर्माण होतात. तुम्ही कोणतेही नियम घ्या, पण तीन यादृच्छिक आवृत्त्या घेऊन ‘पहिली दुसरीपेक्षा लहान, दुसरी तिसरीपेक्षा लहान, तर पहिली तिसरीपेक्षा लहान’ हे तपासणारी चाचणी अवश्य असू द्या. गो 1.18 पासून फझिंगची (यादृच्छिक इनपुट देऊन चाचणी घेण्याची) सोय भाषेसोबतच मिळते. ती इथे अगदी चपखल बसते.

आणखी एक सुचवतो. सॉल्व्हरला दिलेला संपूर्ण प्रश्न एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा पर्याय कमांडमध्येच द्या. डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरमध्ये ईडीएसपी नावाचा असा मजकूर-स्वरूपातला संकेत आहे. त्यामुळे बाहेरचा सॉल्व्हर जोडता येतो आणि वापरकर्त्याकडे घडलेला घोळ जसाच्या तसा स्वतःच्या टेबलावर आणता येतो. कारखान्यातून आलेली अशी प्रत्येक फाइल ही तुमची पुढची चाचणी.

ढोबळमानाने

वरील विवेचन उत्तम आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही: हे नव्याने लिहायचेच कशासाठी? लहान यंत्रांसाठी अल्पाइन लिनक्सचा एपीके हा पॅकेज मॅनेजर आहे. त्यात ‘हे बसव’ असे सांगितले की मागणी आधी वर्ल्ड नावाच्या एका साध्या फाइलमध्ये नोंदवली जाते आणि मग त्या फाइलला अनुरूप अशी यंत्राची अवस्था शोधली जाते. ही मांडणी मला फार नेटकी वाटते. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरवर चालणाऱ्या प्रकल्पाने वर्षानुवर्षे ओपीकेजी वापरल्यावर 2024 च्या अखेरीस आपल्या विकासशाखेत एपीकेच घेतला. ज्यांच्याकडे यंत्रांचा एवढा मोठा गोतावळा आहे त्यांनीही स्वतःचे नवे साधन न लिहिता तयार साधन उचलले, याचा विचार व्हावा.

ओझरता_बफर

ढोबळमानाने यांच्याशी मी निम्मा सहमत आहे, परंतु तयार साधन घेतले तरी त्यावर विश्वास किती ठेवायचा हे ठरवण्यासाठी खालच्या चाचण्या लागतातच. म्हणून पहिल्या प्रकाराकडे येतो.

‘जुन्या फायली ठीक, नव्या फायली शून्य बाइट’ हे वर्णन वाचून तुमची डिस्क एक्स्ट4 (लिनक्सची एक रूढ फाइल-सिस्टिम) असणार असे वाटते. एक्स्ट4 मध्ये लिहिलेल्या मजकुराला डिस्कवर जागा देण्याचे काम पुढे ढकलले जाते. 2009 मध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता, आणि त्यानंतर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अशी सवलत आली की तात्पुरत्या नावाने लिहिलेली फाइल रिनेम करून आधीच्या फाइलच्या जागी आणली, तर तिचा मजकूर आपोआप डिस्ककडे रवाना व्हावा. मात्र त्या नावाची फाइल आधी अस्तित्वातच नसेल, तर ही सवलत लागू होत नाही. तुमच्या जुन्या फायली या सवलतीमुळे वाचल्या आणि नव्या वाचल्या नाहीत. याचा अर्थ तुमच्या कोडमध्ये एफसिंक, म्हणजे फाइल तातडीने डिस्कवर उतरवून घेणारी हाक, कुठेच नाही.

क्रम असा हवा: फाइल ज्या डिरेक्टरीत जायची तिथेच तात्पुरत्या नावाने लिहावी, एफसिंक करावे, रिनेम करावे, आणि मग त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करावे. तात्पुरती फाइल टीएमपी या सामायिक डिरेक्टरीत ठेवू नये, कारण ती बहुधा वेगळी फाइल-सिस्टिम असते आणि एका फाइल-सिस्टिममधून दुसरीत रिनेम होत नाही. डेबियनमध्ये पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीने 2010 मध्ये एफसिंक आणले, तेव्हा प्रत्येक फाइलमागे थांबावे लागल्याने पॅकेजे बसवणे फारच संथ झाले. त्यावरचा उपाय म्हणून पॅकेजमधील सर्व फायली आधी तात्पुरत्या नावाने उघडायच्या, मग सगळ्यांचे एफसिंक एकत्र करायचे आणि शेवटी सगळ्यांचे रिनेम, अशी रचना झाली. तुम्ही थेट तिथूनच सुरुवात करावी.

नोंदींची शिस्तही डीपीकेजीकडून घेण्यासारखी आहे. फायलींना हात लावण्यापूर्वीच त्या पॅकेजची अवस्था ‘अर्धवट बसलेले’ अशी लिहिली जाते, आणि काम तडीस गेल्यावरच ती बदलते. म्हणून मध्येच काही झाले तरी पुढच्या वेळी प्रोग्रामला निदान कुठे अर्धवट राहिले हे ठाऊक असते. तुमच्या जेसन फाइलमध्ये ‘आहे’ आणि ‘नाही’ याखेरीज तिसरी अवस्थाच नाही, असे दिसते. शक्य असल्यास ती फाइल सोडून एसक्यूलाइट या डेटाबेसकडे जा. आरपीएम या पॅकेज मॅनेजरचा डेटाबेसही फेडोरा 33 पासून, म्हणजे 2020 पासून, एसक्यूलाइटमध्ये आहे.

चाचणीची उत्तम पद्धतही एसक्यूलाइटकडूनच शिकावी. त्यांच्या चाचण्यांमध्ये डिस्कवरील पहिली क्रिया मुद्दाम अयशस्वी केली जाते आणि डेटाबेस शाबूत आहे का ते पाहिले जाते; मग दुसरी, मग तिसरी, असे काम विनाअडथळा पूर्ण होईपर्यंत चालू राहते. पॅकेज मॅनेजरला हेच लागू करा. तीन फायलींचे, एक फाइल बदलणारे, एक नवी आणणारे व एक काढून टाकणारे, असे छोटे पॅकेज पुरते. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रकारे अडवा: एकदा ‘डिस्क भरली’ अशी चूक परत करून आणि एकदा प्रोसेस जागीच मारून. नंतर दुरुस्तीची कमांड चालवून चार गोष्टी तपासा. नोंदीतील प्रत्येक फाइल डिस्कवर आहे आणि तिचा एसएचए-256 (मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश) जुळतो. नोंदीत नसलेली एकही फाइल मागे उरलेली नाही. पॅकेज एकतर पूर्ण जुने किंवा पूर्ण नवे आहे. आणि तीच कमांड पुन्हा दिली असता यंत्र त्याच अवस्थेला पोहोचते, जिथे ते अडथळा आला नसता तर पोहोचले असते.

यासाठी एसट्रेस या साधनात सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) अयशस्वी करण्याची सोय आहे आणि सी मधील प्रोग्रामसाठी ती झकास चालते. गोच्या बाबतीत मात्र सांभाळा. ‘अमुकाव्या वेळी’ ही मोजणी एसट्रेस प्रत्येक थ्रेडसाठी (प्रोग्राममधील कामाच्या समांतर धाग्यासाठी) वेगळी ठेवते, आणि गोचा रनटाइम काम कोणत्या थ्रेडवर टाकेल याचा नेम नसतो. म्हणून प्रोग्रामच्या आतच फाइल-सिस्टिमसाठी एक पातळ थर ठेवून तिथे मोजणी करणे उत्तम. तुमच्याकडे नकली फाइल-सिस्टिम आहेच. तीच खऱ्या फाइल-सिस्टिमवरचा नुसता मोजणारा व अडवणारा पडदा बनवा.

इथवर सगळे झाले तरी वीज जाण्याची चाचणी झालेली नाही, हे लक्षात असू द्या. प्रोसेस मारली तरी तिने लिहिलेले कर्नलच्या स्मृतीत राहते आणि यथावकाश डिस्कवर जाते. म्हणजे एफसिंक पूर्णपणे काढून टाकले तरी वरील सर्व चाचण्या पास होतील. त्यासाठी क्यूईएमयू या आभासी यंत्र उभे करणाऱ्या प्रोग्राममध्ये आख्खे यंत्र चालवून, बाहेरून क्यूईएमयूचीच प्रोसेस मारावी लागते, म्हणजे आतल्या कर्नलची स्मृती खरोखर नाहीशी होते. अधिक बारकाईने पाहायचे असल्यास कर्नलमधील डीएम-लॉग-राइट्स हे साधन डिस्कवर गेलेले प्रत्येक लेखन नोंदवते आणि त्यातील हव्या त्या बिंदूपर्यंतच ते पुन्हा उतरवून दाखवते.

कमांडधारी

दोघांचेही मनापासून आभार. मॅपचा संशय खरा निघाला. उमेदवार पॅकेजे मॅपमधूनच येत होती.

ढोबळमानाने यांचा मुद्दा रास्त आहे. तयार साधन न घेण्याचे कारण असे की काही यंत्रांवरील मूळ प्रणाली पुरवठादाराने बंदिस्त ठेवली आहे आणि आम्हाला केवळ एका डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा आहे. दोन शंका उरतात. कंटेनर मग अजिबात निरुपयोगी समजायचे का? आणि एफसिंक घातल्यावर चाचण्या फार रेंगाळू लागल्या आहेत, त्यावर काही तोड आहे का?

ओझरता_बफर

कंटेनर निरुपयोगी नाहीत. कोणती फाइल कुठे गेली, हक्क बरोबर लागले का, पॅकेज काढल्यावर काही उरले का, हे सर्व तिथेच तपासावे. कंटेनरचा कर्नल मात्र तुमच्याच यंत्राचा असतो, त्यामुळे वीज जाण्याचे सोंग त्याला आणता येत नाही.

वेगाबद्दल: डेबियनच्या जगात अशा वेळी ईटमायडेटा नावाचे साधन वापरतात, ते एफसिंकला निष्प्रभ करते. तुमच्याकडे ते चालणार नाही, कारण ते सी लायब्ररीच्या वाटेत आडवे येते आणि गोचा प्रोग्राम त्या वाटेने न जाता थेट कर्नलला हाक मारतो. नेहमीच्या चाचण्यांची डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (स्मृतीतच राहणाऱ्या फाइल-सिस्टिमवर) ठेवा. तिथे एफसिंक जवळपास फुकट पडते. क्यूईएमयूच्या चाचण्या दर कमिटला न चालवता रात्री चालवाव्यात.

वि_भा

एक-दोन कोपरे राहिले आहेत.

एपीटीच्या मूळ कोडसोबत येणारी इंटिग्रेशन चाचण्यांची डिरेक्टरी सवडीने वाचा. प्रत्येक चाचणी ही एक शेल स्क्रिप्ट आहे. ती तात्पुरत्या डिरेक्टरीत एक लुटुपुटीची प्रणाली उभी करते, दोन-चार खोटी पॅकेजे जागीच बांधते, त्यांची रिपॉझिटरी तयार करते, लागल्यास छोटा वेब सर्व्हरही सुरू करते, आणि मग खरी कमांड चालवून तिचे आउटपुट अक्षर न् अक्षर ताडून पाहते. नकली फाइल-सिस्टिमपेक्षा ही पद्धत मला कितीतरी भरवशाची वाटते. त्याचबरोबर डेबियनच्या पायुपार्ट्स या चाचणी-साधनाची कल्पना उचला: स्वच्छ प्रणालीत पॅकेज बसवायचे, जुन्या आवृत्तीवरून नव्यावर आणायचे, काढायचे, आणि मागे काय उरले त्याची मूळ अवस्थेशी तुलना करायची.

जुन्या आवृत्तीवरून आठवले. तुमच्या पॅकेज मॅनेजरच्या आजवरच्या प्रत्येक आवृत्तीने लिहिलेली नोंदीची फाइल चाचण्यांसोबत जपून ठेवा आणि नवी आवृत्ती त्या सर्व वाचू शकते का ते पाहा. पॅकेज मॅनेजर स्वतःलाच अद्ययावत करतो तो प्रसंगही वेगळा तपासावा. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलवर थेट लिहायला गेलात तर कर्नल ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार देतो. रिनेमने बदललीत तर काम होते.

आउटपुटबाबत आधीच ठरवा की माणसासाठी कोणते आणि स्क्रिप्टसाठी कोणते. एपीटी कमांडचे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवले की ‘या कमांडचे स्वरूप स्थिर नाही’ असा इशारा येतो, तो याच कारणाने. स्क्रिप्टसाठी एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) व जेसन यांचे वचन द्या आणि चाचण्या त्यांच्यावर बेता. संदेश मराठीत देणार असाल तर पॅकेजांच्या यादीचे रकाने अवश्य तपासा. ‘स्थिती’ या शब्दात बाइट अठरा, युनिकोड चिन्हे सहा आणि टर्मिनलवर दिसणारी अक्षरे दोनच; बाइट मोजून रकाना जुळवला की तक्ता वेडावाकडा होतो. काना-मात्रांना किती रुंदी द्यायची याबाबत टर्मिनलांचेही एकमत नाही, म्हणून मराठी मजकूर शेवटच्या रकान्यात ठेवणे हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय.

आता सुरक्षितता. रिपॉझिटरी आतल्या सर्व्हरवर आहे म्हणून इथे हात आखडता घेऊ नका. टार फाइलमध्ये दोन टिंबांनी वरच्या डिरेक्टरीत चढणारे मार्ग, स्लॅशने सुरू होणारे मार्ग, आणि आधी एक सिमलिंक (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणारी फाइल) व नंतर त्याच सिमलिंकमधून बाहेर लिहिणारी फाइल, अशी तिन्ही प्रकारची दुष्ट पॅकेजे चाचणीसाठी बांधून ठेवा. बंदिस्त प्रणालीत तुम्हाला एकाच डिरेक्टरीची मुभा असल्याने तिसरा प्रकार तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. यादीवर डिजिटल सही असली तरी जुनी, पण खरी सही असलेली यादी पुन्हा पुढे करून यंत्राला सदोष आवृत्तीवर अडकवून ठेवता येते. डेबियनच्या यादीत म्हणूनच ‘या तारखेपर्यंत वैध’ असे कलम असते. ही चाचणी घ्यायची तर प्रोग्रामला घड्याळ बाहेरून देता आले पाहिजे. इंटरनेट नसलेल्या यंत्रांची घड्याळे पुष्कळदा चुकीची असतात, तेव्हा तारखेसोबत यादीला चढता क्रमांक द्या आणि आधी पाहिलेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाची यादी नाकारा.

हॅश कुठे मोजला जातो हेही पाहा. जानेवारी 2019 मध्ये एपीटीत उघडकीस आलेल्या त्रुटीत सही व हॅश दोन्ही व्यवस्था शाबूत होत्या. पण फाइल उतरवणारी दुय्यम प्रोसेस जो हॅश कळवत असे त्यावर मुख्य प्रोसेस विश्वास ठेवत होती, आणि सर्व्हरच्या रिडायरेक्ट उत्तरात नव्या ओळी घुसवून वाटेत मध्येच बसलेल्या हल्लेखोराला तो हॅश स्वतःच कळवता येत होता. तुमच्या प्रोग्राममध्ये टार फाइल उघडणारा भागच, ती उघडण्यापूर्वी, डिस्कवरील बाइटांवरून हॅश मोजत असावा. चाचणीही तशीच घ्यावी: डाउनलोड पूर्ण झाल्यावर आणि फाइल उघडण्याच्या आधी तिच्यातील एक बाइट बदलायचा, आणि कमांड शून्येतर एक्झिट कोड देऊन, एकही फाइल न बदलता थांबते का ते पाहायचे.